शांत झोपेसाठी शांत इन्व्हर्टर: सोलरवरच्या कॅम्पर व्हॅनसाठी निवड, चाचणी आणि बसवणी

घरातला इन्व्हर्टर जिन्याखाली नाहीतर मागच्या पॅसेजमध्ये असतो. त्याचा पंखा रात्री दोन वाजता सुरू झाला तरी कुणाची झोप मोडत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये तोच इन्व्हर्टर पलंगाखालच्या खणात येतो, उशीपासून चार-पाच फुटांवर, आणि भोवती सगळा पत्रा. त्यामुळे घरी वर्षानुवर्षं निमूट चाललेलं मॉडेल गाडीत असह्य होऊ शकतं. गाडीसाठी इन्व्हर्टर निवडताना निकषच वेगळे लावावे लागतात.

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय आता वरचेवर निघतो. शेजारच्या पीथमपुरात फोर्स मोटर्सच्या कारखान्यात ट्रॅव्हलर ही मिनीबस बनते. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये उभं राहून वावरता येतं, म्हणून कॅम्पर करून घ्यायला ती सोयीची पडते. महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर ही ठिकाणं दोन-तीन तासांवर. छतावर सोलर पॅनल टाकलं की रात्री कुठेही मुक्काम करता येतो, आणि इन्व्हर्टरच्या आवाजाचा प्रश्न पहिल्या मुक्कामातच समोर येतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गाडीतला सर्वांत शांत इन्व्हर्टर म्हणजे रात्री बंद ठेवता येणारा इन्व्हर्टर. कोणत्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. आधी गाडीतली वीज अशी मांडायची की झोपेच्या वेळी २३० व्होल्टची गरजच पडू नये. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे, तो पुढे येईल.

आवाज नेमका कशाचा, ते ओळखा

सगळ्यांत जास्त त्रास पंख्याचा. इन्व्हर्टरच्या आत उष्णता तयार होते आणि ती बाहेर फेकायला छोटा पंखा असतो. लहान पंख्याला पुरेशी हवा ढकलण्यासाठी जोरात फिरावं लागतं, म्हणून त्याचा आवाज बारीक आणि टोचणारा येतो. काही इन्व्हर्टरमध्ये पंखा बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत फिरत राहतो. काहींत लोड ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सुरू होतो, आणि चांगल्या मॉडेलमध्ये आतल्या तापमानानुसार त्याचा वेग हळूहळू कमी-जास्त होतो. एका लयीत चालणाऱ्या पंख्याची कानाला सवय होते. दर सात-आठ मिनिटांनी चालू-बंद होणारा पंखा मात्र प्रत्येक वेळी जागं करतो.

दुसरा आवाज ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व प्रत्येक आवर्तनात दोनदा टोकाला जातं आणि गाभा तितक्या वेळा सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणून गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास ऐकू येते. हा खर्जातला आवाज हवेतून फारसा येत नाही, पण प्लायवूडच्या फळीतून सहज पसरतो. तुमच्या पलंगाची फळी आणि इन्व्हर्टरची फळी एकच असेल तर अख्खा पलंग गुणगुणतो.

तिसरा म्हणजे आतल्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, बारीक शिट्टी. तरुण मुलांना ती ऐकू येते, साठीपुढच्या माणसांना बहुधा येत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी घरातल्या एखाद्या मुलाला जरूर जवळ बसवा.

चौथा आवाज इन्व्हर्टरचा नसतोच. तो उपकरणांचा असतो. मॉडिफाइड साइन वेव्ह किंवा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा, इन्व्हर्टर असेल तर पंखा घुमतो, मिक्सरची मोटर जास्त तापते, काही अडॅप्टरही कुरकुर करतात. यावर एकच उपाय: प्युअर साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर. तिथे पैसे वाचवू नका.

रात्रीचा आणि दिवसाचा लोड वेगळा काढा

एक कागद घ्या आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात काय काय चालू राहणार तेवढंच लिहा. उदाहरणादाखल आमच्या लोकमान्य नगरातल्या काका-काकूंची यादी घेऊ. काकूंची अट साधी होती: "फ्रिज बंद पडता कामा नये, दूध नासतं. बाकी काय ते तुम्ही ठरवा." काकांना झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं. शिवाय पंखा, मोबाइल आणि पायाशी एक मंद दिवा.

यातली प्रत्येक गोष्ट थेट १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे इन्व्हर्टरशिवाय सरळ बॅटरीच्या विजेवर, चालणारी मिळते. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालताना साधारण ४५ ते ६० वॅट घेतो आणि मध्ये मध्ये बंद होतो. सरासरी २० वॅट धरली तर दहा तासांत २०० वॅट-तास. डीसी पंखा १५ ते २० वॅटचा, आठ तासांत फार तर १६०. सीपॅप मशीनपैकी बरीचशी योग्य डीसी अडॅप्टरवर चालतात. गरम आर्द्रता देणारा भाग बंद असेल तर ३० वॅट धरा, म्हणजे आठ तासांचे २४०. तो भाग बंद ठेवून चालेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. अडॅप्टरही मशीनच्या कंपनीनेच सांगितलेला घ्यावा. मोबाइल आणि दिव्यासकट सगळं मिळून ६५० वॅट-तासांच्या आत बसतं. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात. एका बॅटरीत रात्र निघते, आणि इन्व्हर्टर बंद.

लॅपटॉपसाठीही इन्व्हर्टर लागत नाही. टाइप-सीवर चार्ज होणारा असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा ६५ किंवा १०० वॅटचा चार्जर घ्या. बॅटरीची डीसी वीज एसी करायची आणि अडॅप्टरने पुन्हा डीसी, यात दोन्हीकडे वीज वाया जाते.

इन्व्हर्टरसाठी उरतो दिवसाचा लोड: मिक्सर, इस्त्री, एखादं चार्जिंग स्टेशन, हौस असेल तर इंडक्शन. ही कामं सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये करायची सवय लावा. त्या वेळी पॅनल जोरात असतं, बॅटरीचा व्होल्टेज चढा असतो, आणि पंखा फिरला तरी कुणी झोपलेलं नसतं.

इन्व्हर्टर चालू पण काही जोडलेलं नाही, अशा अवस्थेतही तो वीज खातो. मध्यम आकाराचा इन्व्हर्टर रिकामा चालताना १५ वॅट घेत असेल तर दहा तासांत १५० वॅट-तास गेले. काकांच्या मशीनची अर्ध्याहून अधिक रात्र त्यात निघाली असती. काही मॉडेलमध्ये ही वीज वाचवायला इको किंवा सर्च मोड असतो: इन्व्हर्टर अर्धवट झोपतो आणि थोड्या थोड्या वेळाने लोड आहे का ते तपासतो. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात मोबाइलच्या चार्जरसारखा बारीक लोड त्याला जाणवत नाही, एलईडी दिवा लुकलुकतो, आणि काहींत टिकटिक ऐकू येते. झोपायच्या जागेजवळ मला तो मोड पसंत नाही.

किती वॅटचा घ्यावा

पंखा कधी फिरेल हे आत किती उष्णता तयार होते यावर ठरतं. १००० वॅट देणारा इन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम असेल तर १११ वॅट उष्णतेत जातात. ९४ टक्क्यांचा असेल तर ६४. कार्यक्षमतेतला चार टक्क्यांचा फरक म्हणजे उष्णतेत जवळजवळ निम्मा फरक! माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कमाल कार्यक्षमतेचा असतो आणि तो बहुधा अर्ध्या किंवा त्याहून कमी लोडवर मिळतो. पूर्ण लोडवर किती, ते विचारा.

म्हणून थोडा मोठा इन्व्हर्टर घेऊन तो अर्ध्या लोडवर चालवणं शांततेच्या दृष्टीने फायद्याचं. पण फार मोठा घेतला की रिकामा चालताना जास्त वीज खातो. मी दिवसाच्या नेहमीच्या लोडच्या दीडपट ते दुप्पट एवढी मर्यादा ठेवतो. ५०० ते ७५० वॅटचा मिक्सर हा सर्वांत मोठा लोड असेल तर १५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह पुरतो. मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते, तेवढं झेलण्याची ताकद त्यात हवी. इंडक्शनसाठी २५०० ते ३००० वॅटकडे जावं लागेल. त्यापेक्षा गॅसची छोटी शेगडी ठेवा; शांतता, वजन आणि पैसा तिन्ही वाचतात.

इंदूरच्या उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर पारा असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बंद खणात त्याहून बराच जास्त. इन्व्हर्टरची क्षमता बहुतेक वेळा २५ अंशांवर मोजलेली असते. विक्ट्रॉन कंपनीच्या १२ व्होल्ट, ३००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) मल्टिप्लस इन्व्हर्टरचं माहितीपत्रक पाहा: २५ अंशांना २४०० वॅट, ४० अंशांना २२००, ६५ अंशांना १७००. यातून दोन गोष्टी कळतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, आणि उन्हाळ्यातली क्षमता वेगळी असते. ज्या कंपनीने तापमानानुसार आकडे दिलेलेच नाहीत, तिच्या १५०० वॅटवर उन्हाळ्यात पूर्ण भिस्त ठेवू नका. पॅनलचंही तसंच. तापलेल्या पॅनलचं उत्पादन घटतं, सेलच्या दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के.

ट्रान्सफॉर्मरवाला की हाय-फ्रिक्वेन्सी

जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले लो-फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टर दणकट असतात, मोटर सुरू होतानाचा झटका सहज पचवतात, पण गुणगुणतात आणि वजनाला भारी असतात. आपल्याकडे घरात वापरले जाणारे बरेच इन्व्हर्टर याच जातीचे. हाय-फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टरमध्ये स्विचिंग (विजेची वेगाने चालू-बंद) बहुधा २० किलोहर्ट्झच्या वर होतं, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या पलीकडे. त्यामुळे गुणगुण जवळपास नसते. वजन हलकं. पंखा मात्र अधिक वेळा लागू शकतो, कारण उष्णता शोषून घ्यायला आत लोखंडाचा मोठा गोळा नसतो.

ज्यांचा दिवसाचा लोड किरकोळ आहे त्यांनी हाय-फ्रिक्वेन्सी घ्यावा. ज्यांना गाडीत एअर कंडिशनर किंवा पाण्याचा पंप चालवायचा आहे त्यांनी ट्रान्सफॉर्मरवाला घ्यावा आणि तो झोपण्याच्या जागेपासून शक्य तितका लांब ठेवावा.

ज्यांना रात्री २३० व्होल्ट लागतातच, म्हणजे एखादं वैद्यकीय मशीन डीसीवर चालत नाही, त्यांनी दोन इन्व्हर्टर ठेवावेत. दिवसासाठी मोठा आणि रात्रीसाठी २५० ते ३५० वॅटचा छोटा, बिनपंख्याचा, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर (हीट सिंकवर) थंड होणारा. ४०-५० वॅटच्या लोडवर असा इन्व्हर्टर जेमतेम कोमट होतो. दोघांची आउटपुट एकमेकांना कधीही जोडू नका. एका वेळी एकच जोडला जाईल असा चेंजओव्हर स्विच लावा, नाहीतर दोन्हींचे सॉकेटच वेगळे ठेवा.

डेसिबलचा आकडा कसा वाचायचा

माहितीपत्रकात "४५ डेसिबलपेक्षा कमी" असं दिसलं की आधी अंतर पाहा. ते बहुधा एक मीटरवरचं माप असतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सुमारे ६ डेसिबल वाढतात, आणि पत्र्याच्या गाडीत आवाज परतून येतो तो वेगळा. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती बाहेरच्या हवेची. झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मांडूत रेवाकुंडाकडे गाडी लावलीत तर बाहेर आवाज जवळपास नसतोच; ३५ डेसिबलचा पंखाही तिथे ठळक ऐकू येतो. शहरात तो जाणवलाही नसता.

विकत घेण्याआधीची चाचणी

महाराणी रोडवरच्या दुकानात उभं राहून इन्व्हर्टरचा आवाज पारखता येत नाही. बाहेर रहदारी, आत चार पंखे. दुकानदाराला तीन गोष्टी मात्र तिथेच विचारा: पंखा तापमानावर चालतो की लोडवर, रिकामा चालताना किती वॅट घेतो, आणि आवाज पटला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहून घ्या. पहिल्या दोन प्रश्नांवर "सब ऑटोमॅटिक है" एवढंच उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

घरी आणल्यावर रात्री अकरानंतर, पंखे आणि फ्रिज बंद करून, बंद खोलीत चाचणी घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मोबाइलचं डेसिबल ॲप चालेल, पण त्याचा आकडा तुलनेपुरताच धरा. अगदी हलक्या आवाजाला मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो. आधी इन्व्हर्टर बंद असताना खोलीचं माप घ्या. मग इन्व्हर्टर रिकामा चालू करून एक मीटरवर. मग लोड जोडा. जुने १०० वॅटचे पिवळे बल्ब यासाठी उत्तम, नाहीतर इस्त्री. चतुर्थांश लोडवर अर्धा तास आणि निम्म्या लोडवर अर्धा तास चालू द्या. पाच मिनिटांची चाचणी निरुपयोगी, कारण तेवढ्यात तो तापतच नाही. पंखा किती मिनिटांनी सुरू झाला, लोड काढल्यावर किती वेळाने थांबला, हे लिहून ठेवा. त्यानंतर त्याला एका फळीवर ठेवून दुसऱ्या टोकाला कान लावा. गुणगुण फळीतून किती येते ते कळेल.

रेडिओ असेल तर मीडियम वेव्हवर लावून जवळ न्या. खरखर खूप असेल तर आतले फिल्टर कमजोर आहेत असं समजा. गाडीत रेडिओ न ऐकणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी, कारण अशा खरखरीने काही संवेदनशील उपकरणं बिघडल्यासारखी वागतात.

बसवताना

इन्व्हर्टर शांत निघाला तरी बसवणी चुकली तर सगळं वाया जातं. पातळ प्लायवूडच्या खणात, पलंगाच्या फळीवर तो ठोकू नका. १८ मिलिमीटरच्या जाड फळीवर बसवून ती फळी रबरी माउंटवर, गाडीच्या चौकटीला धरून लावा. गाडी हादरते तेव्हा माउंट पूर्ण वजन पेलणारे हवेत. साध्या रबराच्या चकत्या सहा महिन्यांत चपट्या होतात.

जागा शक्यतो पायाकडची, नाहीतर मागच्या दाराजवळची. उशीखालचा खण नको. पंख्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळे ठेवा. खणाला खाली एक जाळी आणि वर एक, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघते. आवाज अडवायचा असेल तर हवेला सरळ वाट न देता एक वळण द्या आणि त्या वळणाला आग न धरणारा फोम आतून लावा. हवा वळते, आवाज बराचसा तिथेच जिरतो. पंखा दाबणं, जाळी बुजवणं, इन्व्हर्टरला कापडात गुंडाळणं हे कधीही करू नका. आगीला तेच आमंत्रण असतं. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो. ती झोपण्याच्या जागेत ठेवायचीच नाही, आणि इन्व्हर्टरच्या खणात तर मुळीच नाही.

बॅटरीपासूनची वायर जितकी आखूड तितकी बरी, दीड मीटरच्या आत. १५०० वॅटला १२.८ व्होल्टवर सुमारे १३० अँपिअर ओढले जातात. यासाठी ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. फ्यूजचा आकडा इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेला घ्या. वायरीच्या टोकाचे लग चांगल्या हायड्रॉलिक पक्कडने दाबलेले हवेत. एका सैल जोडात नुसता दोन मिलिओहमचा अडथळा आला तरी १३० अँपिअरला तिथे ३४ वॅट उष्णता होते. शिवाय इन्व्हर्टरला व्होल्टेज कमी पोचतो, तो जास्त करंट ओढतो, जास्त तापतो, आणि पंखा जास्त फिरतो. "इन्व्हर्टरचा पंखा फार चालतो" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या जोडात असतं.

न्यूट्रल, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. काही स्वस्त इन्व्हर्टरच्या दोन्ही आउटपुट वायरींवर अर्धा-अर्धा व्होल्टेज असतो. त्यात न्यूट्रल समजून एक वायर गाडीच्या बॉडीला जोडली तर इन्व्हर्टर जळतो. पुस्तिकेत परवानगी असेल तरच तो जोड द्यायचा.

एवढं करूनही आवाज राहिला तर

इन्व्हर्टर पूर्ण बंद करून ऐका. आवाज तसाच असेल तर तो सोलर चार्ज कंट्रोलरचा (पॅनलच्या विजेने बॅटरी भरणारा), डीसी-डीसी चार्जरचा (गाडीच्या इंजिनावरून बॅटरी भरणारा) किंवा फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा आहे. मोठ्या चार्ज कंट्रोलरलाही पंखा असतो, पण तो उन्हाच्या वेळचा. रात्रीची धडधड बहुधा फ्रिजची असते. फ्रिजखाली रबर आणि त्याच्या मागे हवेसाठी जागा, एवढ्याने ती पुष्कळ कमी होते.

जो आवाज नव्याने सुरू झाला आहे, तो बहुतेक वेळा धुळीचा. माळव्यात उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते आणि जाळीतून आत जाऊन हीट सिंकवर बसते. मग तेवढ्याच लोडला पंखा दुप्पट वेळ फिरतो. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, बॅटरीची जोडणी काढून आणि इन्व्हर्टर थोडा वेळ तसाच ठेवून, ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. बेअरिंगच घरघरत असेल तर पंखा बदलावा. मापाइतकाच हवेचा झोतही मूळ पंख्याएवढा हवा. आवाज कमी म्हणून कमी हवेचा पंखा बसवला तर मे महिन्यात इन्व्हर्टर अति तापून स्वतःच बंद पडेल. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण न उघडता हे काम सर्व्हिस सेंटरकडे द्या.